हाताची घडी, तोंडावर बोट

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती व्हायचंय? मग मतं घरी ठेवून या, कडीकुलपात. नोकरी तहहयात आहे, निवृत्तीचं वय नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेटची समिती सुनावणी घेते, मग सिनेट मतदान करतं. एवढ्या नोकरीसाठी त्या समितीपुढे चार दिवस गप्प बसायला काय जातं?

रॉबर्ट बोर्क यांना ते जमलं नाही. 1987 साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यांचं नाव सुचवलं. विद्वान माणूस, विचारलं की सांगून मोकळा. राज्यघटनेत खासगीपणाचा सरसकट हक्क कुठे लिहिलाय, असं आयुष्यभर म्हणत आले होते, तेच टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढे समजावत बसले. न्यायमूर्ती कशाला व्हायचं, तर म्हणे बौद्धिक मेजवानी मिळेल. 58 विरुद्ध 42 मतांनी समोरचं ताट उचललं गेलं. वर इंग्रजीला 'बोर्क करणे', म्हणजे मोहीम उघडून उमेदवाराला पाडणे, हे नवं क्रियापद मिळालं.

एलेना केगन यांनी 1995 साली या सुनावण्या म्हणजे पोकळ नाटक आहे, असं लिहिलं होतं. 2010 साली त्यांच्यावरच वेळ आली, तेव्हा त्यांनीही आपली भूमिका चोख वठवली. 63 विरुद्ध 37. तुम्हीही एक वाक्य घोकून ठेवा: हे प्रकरण उद्या माझ्यापुढे येऊ शकतं, म्हणून आज बोलणं योग्य नाही. बायकोनं भाजी कशी झालीय विचारलं तरी हेच सांगायचा सराव करा.

मुहूर्ताचंही बघावं लागतं. मार्च 2016 मध्ये डेमोक्रॅट ओबामांनी मेरिक गार्लंड यांचं नाव पाठवलं. निवडणूक आठ महिन्यांवर, तर सिनेटमधल्या रिपब्लिकन बहुमताचे नेते मिच मॅकॉनेल म्हणाले, जनतेला ठरवू द्या. 293 दिवस गार्लंड ताटकळले, सुनावणीसुद्धा नाही. जणू अख्खं वर्षच धोंड्याचं. उद्या आमच्या राष्ट्राध्यक्षाच्या बाबतीत हेच झालं, तर माझे शब्द माझ्याच तोंडावर मारा, असं रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम तेव्हा बजावून गेले. 2020 साली निवडणूक आठ दिवसांवर असताना रिपब्लिकन ट्रम्प यांनी सुचवलेल्या एमी कोनी बॅरेट यांच्यावर शिक्कामोर्तब झालं, 52 विरुद्ध 48. समितीचे अध्यक्ष होते ग्रॅहम. तारीख 26 ऑक्टोबर. आपला दसरा एका दिवसानं हुकला.

पण बॅरेटबाईंचा तो एक क्षण तुम्ही पुन्हापुन्हा बघाच. एका सिनेटरनं कौतुकानं विचारलं, टिपणं कुठली आणलीत? बाईंनी पुढ्यातलं पॅड उचलून सगळ्यांना दाखवलं. कोरं. वर फक्त सिनेटचं छापील नाव. गर्भपाताच्या हक्काबद्दलची त्यांची उत्तरंही तशीच, कोरी.

पॅड भरायला घाई नव्हतीच. 24 जून 2022 रोजी कोर्टानं तो जवळपास पन्नास वर्षांचा हक्क रद्द केला, तेव्हा बहुमतात बाईही होत्या. आणि आता त्यांना प्रश्न विचारायला समिती नव्हती.