खिडकीच्या ट्रॅकमधली भोकं बुजवू नका

‘खिडक्या बदलताय? ठेकेदार असे फसवतात’ हा सात मुद्द्यांचा मेसेज सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. डोंबिवलीच्या मावशीने तो मला पाठवला. त्यातला पहिला मुद्दा वाचून ती नव्या स्लायडिंग खिडक्यांची भोकं सिलिकॉनने बुजवून घेणार आहे, म्हणून हे घाईने लिहितोय.

मेसेज म्हणतो, खालच्या ट्रॅकला बाहेरून भोकं असली की काम कच्चं. त्यातून पाऊस आत येतो, पैसे देण्याआधी ती बंद करून घ्या. अहो, ती भोकं पाणी बाहेर जाण्यासाठीच पाडलेली असतात! स्लायडिंगचे पल्ले एकमेकांवरून सरकतात, मध्ये फक्त ब्रशसारखी पट्टी असते. वाऱ्याचा मारा असला की काचेवरून ओघळलेलं पाणी ट्रॅकमध्ये उतरणारच. ते भोकांतून बाहेर पडलं नाही, तर ट्रॅक भरतो आणि आतल्या कडेवरून पाणी घरात येतं, नाहीतर चौकटीच्या सांध्यांतून भिंतीत मुरतं. मग खिडकीखालचा गिलावा फुगतो, रंगाचे पोपडे निघतात, आणि दोष पुन्हा ठेकेदाराच्या माथी. यूपीव्हीसीच्या (कडक प्लॅस्टिकच्या) चौकटीत आतलं आणि बाहेरचं भोक मुद्दाम एका रेषेत ठेवत नाहीत, म्हणजे वारा थेट आत घुसत नाही. बाहेरच्या भोकावर छोटी टोपीही असते. तपासायचं असेल तर हे तपासा: ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओता. ते भिंतीपासून दूर, बाहेर पडायला हवं. तुंबलं किंवा आत झिरपलं, तर शेवटचा हप्ता थांबवा. भोकंच नसतील, तर ती पाडून घ्या.

दुसरा मुद्दा तितकाच घातक: टफन काच हा बिल फुगवण्याचा बहाणा आहे, आणि घेतलीच तर पुढे हव्या त्या मापात कापता येते. टफन काच 600 अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झपाट्याने गार करतात. त्यानंतर तिला कापायला गेलात, तर पूर्ण तुकडाच भुगा होतो. कापणं आणि भोकं पाडणं हे सगळं त्याआधीच उरकावं लागतं, म्हणून माप चुकलं की काच वाया. साधी काच फुटली की सुऱ्यासारखे तुकडे पडतात. टफनचे बोथट, बारीक खडे होतात. ज्या घरात मुलं खिडकीशी खेळतात, तिथे यात काटकसर नको. अशा काचेसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस 2553 (भाग 1) हे मानक आहे. काचेच्या कोपऱ्यात आयएसआयचा न पुसणारा ठसा बघा, नुसतं स्टिकर चालवून घेऊ नका. ठशाजवळचा सीएम/एल (परवाना) क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा, ते कळतं. या ठशापुढे ठेकेदाराच्या तोंडी ‘टफन आहे हो’ला काही मोल नाही.

‘ब्रँडच्या नावाला भुलू नका’ हे मात्र मान्य करावंच लागेल. कंपनी फक्त चौकटीच्या पट्ट्या पुरवते. कापणं, जोडणं आणि बसवणं स्थानिक फॅब्रिकेटरचं. पण म्हणून ‘कोणालाही द्या, सगळे सारखेच’ हा निष्कर्ष कुठून आला? उलट फॅब्रिकेटरच नीट पारखायला हवा. त्याने दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी केलेलं काम दाखवायला सांगा आणि त्या घरच्यांना ओल येते का ते विचारा. यूपीव्हीसीच्या पट्टीचा कापलेला तुकडा मागा; आत मजबुतीसाठी लोखंडी पट्टी घातली आहे की नुसती पोकळी, ते डोळ्यांनी दिसेल.

जुन्या चौकटीवरच नवी बसवण्याचा सल्ला चौकट धड असेल तर ठीक. गंजलेल्या किंवा कुजलेल्या चौकटीवर नाही.

‘सगळे पैसे आधी द्या, सूट मिळते’ आणि ‘बिल नको, जीएसटी वाचतो’ हे दोन मुद्दे लिहिणारा नक्की कोणाच्या बाजूचा आहे? लहान कारागिराची जीएसटी नोंदणी नसेल, तर तो कर लावूच शकत नाही, हे खरं. पण नाव, पत्ता, काचेची जाडी, पट्टीचा प्रकार आणि हमी लिहिलेली सही असलेली पावती तरी घ्या. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण तिथे हातात कागद लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

राहिला सोसायटीचा मुद्दा. ‘घर आपलं, कोणाला विचारायचं कारण नाही’ असं मेसेज म्हणतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत फेरफार करायला समितीची लेखी पूर्वपरवानगी लागते. खिडकीचा आकार किंवा बाहेरचं रूप बदलणार असाल, तर आगाऊ रक्कम देण्याआधीच अर्ज टाका.