‘चिवट, कोरडा, बटर नसलेला नान’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय वाचला. नान चिवट आणि कोरडा होता, वर बटर नव्हतं, उगाच रेघा ओढल्या होत्या, दुबईच्या इराणी हॉटेलात मिळतो तोच नान आम्ही ‘अफगाणी’ म्हणून विकतो, आणि तंदूरवाला शिकाऊ दिसतो, असं तुम्ही लिहिलंय.

आधी शेवटच्या मुद्द्याबद्दल, कारण तो मला लागला. आमच्या तंदूरवर बसणारे खलिफा मजार-ए-शरीफचे आहेत. अफगाणिस्तानात मुरलेल्या कारागिराला याच नावाने हाक मारतात. वडिलांच्या नानवाईत, म्हणजे नानच्या भट्टीवर, ते लहानपणापासून काम करत आले. पुण्यात शिकायला आलेली अफगाण मुलं शहराच्या दुसऱ्या टोकाहून त्यांच्या हातचा नान न्यायला येतात. त्यांना शिकाऊ म्हणणं मला मान्य नाही.

ज्या रेघा तुम्हाला उगाच वाटल्या, त्यांतच त्यांचं कसब आहे. अफगाणी नानचं पीठ सैल मळतात. गोळा हाताने लांबवायचा आणि ओल्या बोटांनी त्यावर उभ्या रेघा दाबत जायच्या. रेघा नसतील तर तंदूरच्या भिंतीवर नान टम्म फुगतो, वरचा पापुद्रा करपतो आणि आत कच्चं राहतं. रेघ दाबली की हवा तिथे कोंडत नाही. खोलगट भाग कुरकुरीत होतो, मधले उंचवटे मऊ राहतात. दाब कमी पडला तर नान फुगतो, जास्त पडला तर फाटतो. वरचे काळे दाणे कलौंजीचे.

आता बटर. आपल्याकडच्या हॉटेलातल्या नानमध्ये मैद्याबरोबर दही, दूध, तेल, थोडी साखर असते, म्हणून तो गरम असताना लुसलुशीत लागतो आणि गार झाला की रबरासारखा होतो. आमच्या नानमध्ये मैदा आणि चक्कीचा आटा, पाणी, मीठ आणि रात्रभर आंबवलेलं खमीर, एवढंच असतं. त्याला चावा असतो, आणि तो असायलाच हवा. काबूलकडे शोरवा, म्हणजे मटणाचा पातळ रस्सा, वाडग्यात घेऊन त्यात नानचे तुकडे कुस्करतात. मऊ नानचा तिथे लगदा होईल. तुम्ही पार्सल नेऊन पनीर बटर मसाल्याबरोबर खाल्लात. त्या दाट, गोडसर ग्रेव्हीला बटर नानच जमतो, हे मी मोकळेपणाने सांगतो. पण ज्वारीची भाकरी फुलक्यासारखी नाही म्हणून आपण तिला नावं ठेवत नाही.

इराणी नानबद्दल: तुम्ही दुबईत खाल्लात तो बहुधा बरबरी असावा. त्यावरही रेघा असतात, त्यामुळे दोन्ही एकच वाटणं साहजिक आहे. पण बरबरी जाड असतो, भाजण्याआधी त्यावर पिठाची शिजवलेली पातळ खळ फासतात, म्हणून सोनेरी तकाकी येते, आणि तो भट्टीच्या तळावर भाजतात. आमचा नान तंदूरच्या उभ्या भिंतीला चिकटवून भाजला जातो. इराणचाच संगक तर तापलेल्या खड्यांवर भाजतात. लवाश कागदासारखा पातळ. वाळवून थप्पी रचून ठेवतात आणि लागेल तेव्हा पाणी शिंपडून मऊ करतात. आर्मेनियाच्या लवाशची 2014 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत नोंद झाली. खुद्द अफगाणिस्तानातही एकच नान नाही: उत्तरेकडे उझबेकी पद्धतीचा गोल नान करतात, त्याच्या कडा जाड आणि मधोमध खिळ्यांच्या ठशाने टोचलेली नक्षी. खलिफा तोही करतात, शुक्रवारी सकाळी.

कोरडेपणाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. गरम नान प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की वाफ कोंडते, कुरकुरीत पापुद्रा ओलसर होऊन चिवट बनतो, आणि पिशवी उघडून ठेवली की वाळतो. म्हणून आम्ही कागदात देतो. घरी सुती कापडात गुंडाळून ठेवा. दुसऱ्या दिवशी पाण्याचा हात फिरवून तव्यावर गरम करा, चहाबरोबर फार छान लागतो.

पुन्हा आलात तर सकाळी लवकर या, तंदूरमधून निघालेला नान तिथेच बसून शोरव्याबरोबर खा, आणि मग हवे तेवढे तारे द्या. बटर मात्र आम्ही लावणार नाही.