‘नुसता पेनड्राइव्ह लावायचा’ म्हणे!

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून जो तो एकच सल्ला देत सुटलाय. “जुना पीसी भंगारात कशाला देतोस, विंडोजच्या जागी फुकटातलं लिनक्स टाक ना! नुसता पेनड्राइव्ह लावायचा, दहा मिनिटांचं काम.” दहा मिनिटांचं काम म्हणे! या महाभागांनी २००८ सालचा कोअर टू ड्युओ प्रोसेसरवाला बोर्ड पेनड्राइव्हवरून कधी उठवून, म्हणजे बूट करून, बघितलाय का?

संताप कशाचा, तर रोग पाच प्रकारचे आणि लक्षण एकच: काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ. पेनड्राइव्ह दिसला नाही तरी रेघ. दिसला पण वाचता आला नाही, तरी रेघ. सगळं नीट चाललंय पण गोगलगाईच्या चालीनं, तरी तीच रेघ. मग माणूस काय करतो? डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा अवतार, बदलतो. उबंटू झालं, मिंट आणा. मिंट झालं, झोरिन आणा. तीन-तीन जीबीचे डाउनलोड, आणि दोष मुळात त्यात नव्हताच. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

बायोस बघा, म्हणजे मशीन चालू होताच बोर्डावर आधी जागा होणारा प्रोग्राम. बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे कशावरून उठायचं त्या क्रमात, ‘रिमूव्हेबल डिव्हाइस’ पहिलं ठेवलं की कोणालाही वाटेल, झालं. कुठलं काय! बऱ्याच जुन्या बायोसच्या लेखी पेनड्राइव्ह ही हार्ड डिस्कच असते. ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज’ नावाच्या वेगळ्या यादीत शिरायचं, तिथे पेनड्राइव्ह वर ढकलायचा, मग बाहेर येऊन बूट ऑर्डरमध्ये हार्ड डिस्क पहिली ठेवायची. यादीत तो दिसायला मशीन चालू करायच्या आधीच खोचलेला हवा. एकदा काढून मशीन चालू केलं की कित्येक बोर्ड क्रम विसरतात, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बायोसची आठवण जपणारा बोर्डावरचा सीआर२०३२ सेल मेलेला असेल तर भिंतीवरचं बटण बंद केलं की सगळंच विसरतात, घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि लाइव्ह सेशनमध्ये (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्समध्ये) ब्राउझर साइटमागून साइटचं सर्टिफिकेट नाकारतो. लोक वायफायला शिव्या घालतात. अहो, आधी तारीख बघा!

बूट मेनूची, म्हणजे कशावरून उठायचं ते निवडायच्या यादीची, की तरी एक ठेवायची? डेल-लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९, एमएसआयला एफ११, असूसच्या डेस्कटॉपला एफ८ आणि त्याच असूसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला एफ१२ आहे, पण अनेक मॉडेलांत तो आधी बायोसमध्ये जाऊन एनेबल करावा लागतो. किल्ली आत ठेवून दार लावणारी अक्कल!

रूफस या पेनड्राइव्ह बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये जीपीटी ही विभागणीची पद्धत निवडली की पेनड्राइव्ह यूईएफआयसाठी, म्हणजे बायोसच्या नव्या वारसासाठी, बनतो, आणि या जुन्या बायोसला यूईएफआय कशाशी खातात तेही ठाऊक नसतं. एमबीआर ही जुनी पद्धत निवडा. टर्मिनलवरून डीडी या कमांडनं लिहीत असाल तर ‘कॉन्व्ह=एफसिंक’ लावा; प्रॉम्प्ट परत आला म्हणजे लिहून संपलं असं नाही, डेटा अजून कॅशमध्येच असू शकतो. आणि २५६ जीबीच्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक सिस्टिम उठवणारं टूल) टाकून वीस आयएसओ, म्हणजे डाउनलोड केलेल्या डिस्ट्रोंच्या फायली, भरायची हौस इथे नको. काही जुन्या बायोसना १३७ जीबीच्या पुढचं वाचताच येत नाही, त्यामुळे अलीकडची आयएसओ चालते आणि त्या हद्दीपलीकडे पडलेली रुसते. आठ-सोळा जीबीचा साधा पेनड्राइव्ह घ्या, एकच आयएसओ टाका.

डोकं सगळ्यात जास्त कशानं फिरतं सांगू? मेनू येतो, लोगो येतो, आणि मग मशीन इंग्रजीत सांगतं की लाइव्ह फाइल सिस्टिम असलेलं मीडियम सापडत नाही. अरे, आत्ता त्याच पेनड्राइव्हवरून उठलास ना? पण त्यातही खोच आहे. मेनू, कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीपुरती छोटी फाइल सिस्टिम) इथपर्यंतचं सगळं बायोसनं वाचून दिलेलं असतं. कर्नल उठला की तो बायोसला बाजूला सारतो, यूएसबी कंट्रोलर आपल्या ड्रायव्हरनं नव्यानं चालू करतो, आणि त्या देवाणघेवाणीत पेनड्राइव्ह हरवतो. डाउनलोडला दोष देण्याआधी पोर्ट बदला. मागच्या बाजूचा, थेट बोर्डावरचा काळा यूएसबी २.० पोर्ट. निळा नको, हब नको, कॅबिनेटच्या पुढचा तर नकोच. आतली ती केबल बहुतेक वेळा रद्दीच्या लायकीची असते. नंतर कार्ड टाकून वाढवलेले निळे पोर्ट जुन्या बायोसला सहसा दिसतच नाहीत.

आणि ‘फुलस्पीड’ हे नाव ज्यानं ठेवलं त्याला साष्टांग नमस्कार. कित्येक बायोसमध्ये ‘यूएसबी २.० कंट्रोलर मोड’ असतो, पर्याय दोन: हायस्पीड आणि फुलस्पीड. शहाणा माणूस फुलस्पीडच निवडणार! फुलस्पीड म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिट आणि हायस्पीड म्हणजे ४८०. फुलस्पीडवर सेकंदाला जेमतेम १ एमबी येतो, म्हणजे १०० एमबीचं इनिटआरडी यायला दीड मिनिटाहून जास्त. तोवर रेघ लुकलुकते, आणि लोक रिसेट दाबून मोकळे होतात. पेनड्राइव्हचा दिवा फडफडत असेल तर पाच मिनिटं मशीनला हात लावू नका.

३२ बिट प्रोसेसरवाल्यांचे हाल तर विचारूच नका. उबंटूनं १७.१० पासून ३२ बिट डेस्कटॉप आयएसओ बंद केली, डेबियन १३ ला ३२ बिट पीसीचा इन्स्टॉलर नाही. अँटिएक्स हा हलका डिस्ट्रो बघा. जुना पेंटियम एम ‘पीएई नाही’ (म्हणजे जास्त मेमरी हाताळायची सोय नाही) म्हणून अडला तर बूटच्या ओळीत ‘फोर्सपीएई’ द्या. बऱ्याच चिपांत ती सोय असते, फक्त सांगत नाहीत. लबाड मेले.

मेनूनंतर पडदा काळा पडला तर संशय ग्राफिक्सवर. लिनक्सचा तो मेनू दाखवणाऱ्या ग्रबमध्ये ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी कर्नलला पडद्याचा मोड बदलू न देणारं ‘नोमोडसेट’ लिहा, ‘क्वाएट स्प्लॅश’ खोडा, एफ१० दाबा. ग्रबऐवजी आयसोलिनक्सचा मेनू असेल तर ‘ई’ नाही, टॅब. हा बदल त्या एका बूटपुरताच. इन्स्टॉल झाल्यावर ग्रबच्या डीफॉल्ट फाइलमध्ये लिहून ‘अपडेट-ग्रब’ चालवा, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा अंधार.

एवढं करून इन्स्टॉल होतं, पेढे वाटायचे बाकी असतात, पेनड्राइव्ह काढून मशीन चालू करता आणि… रेघ. कारण पेनड्राइव्ह एसडीए, म्हणजे लिनक्सच्या लेखी पहिली डिस्क, झाला होता आणि बूटलोडर, म्हणजे सिस्टिम उठवणारा ग्रब, हार्ड डिस्कऐवजी त्याच्यावरच बसला. इन्स्टॉलरमध्ये बूटलोडर कुठे टाकायचा ते विचारणारा रकाना सगळ्यात खाली, बारीक अक्षरात. ‘एलएसबीएलके’ ही डिस्कांची यादी देणारी कमांड चालवून आकारावरून डिस्क ओळखा आणि मगच पुढे जा. आता पेनड्राइव्ह परत खोचा, त्याच्यावरून मशीन उठवा आणि ‘ग्रब-इन्स्टॉल’ हार्ड डिस्कवर मारा. दहा मिनिटांचं काम!