नऊपैकी दोन हिस्से

विधुर वडिलांचं किंवा विधवा आईचं साठीनंतर पुन्हा जुळतं, अशी हलकीफुलकी प्रेमकथा पडद्यावर आली की पुण्यात पुढचे पंधरा दिवस तोच वाद रंगतो. एक गट म्हणतो, हे पाश्चात्त्यांचं खूळ, आपल्याकडे ते वय नातवंडांत रमायचं. दुसरा गट जास्त सभ्य भाषेत बोलतो: मुलं परदेशी निघून गेली, आईबाप एकटे पडले, म्हणून ही वेळ आली; मुलं घरात असती तर या वयात कुणाला जोडीदार शोधावा लागला नसता. पहिल्या गटाकडे दुर्लक्ष करता येतं. दुसऱ्याचं वाक्य इथे इंग्लंडमध्ये डोक्यातून जात नाही, कारण त्यात लग्नाला विरोध कमी आणि आमच्यावर आरोप जास्त आहे. आणि तो आरोप चुकीचा आहे.

झी मराठीवर २०१९ साली सुरू झालेली ‘अग्गंबाई सासूबाई’ आठवा. त्यातल्या विधवा आसावरीचा मुलगा परदेशात नव्हता. तो त्याच घरात होता, सासरे त्याच घरात होते, सून तर तिच्या बाजूने उभी राहणारी. तरी ती बाई एकटी होती, कारण घरात प्रत्येकाला तिच्याकडून काही ना काही हवं होतं. बीबीसीवर २०१२ साली आलेल्या ‘लास्ट टँगो इन हॅलिफॅक्स’मध्येही तेच: सत्तरीतले सीलिया आणि ॲलन दोघंही आपापल्या लेकींबरोबर राहतात. लेक घरात असणं आणि जोडीदार असणं यांत अदलाबदल होत नाही. मुलगा औषधं आणून देईल, वीजबिल भरेल, डॉक्टरकडे नेईल. पण १९७८ साली भाड्याच्या खोलीत रॉकेलसाठी रांग लावावी लागायची, हे त्याला सांगितलं तर तो ऐकून घेईल, त्याला आठवणार नाही. त्या वयाच्या माणसाला हे आठवणारं माणूस हवं असतं.

‘पाश्चात्त्य खूळ’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: महाराष्ट्रातल्या कितीतरी समाजांत विधवेचा ‘पाट’, म्हणजे पुनर्विवाह, लागत असे. बंदी होती ती ब्राह्मणांत आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्यांत. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं ते याच पुण्यात, आणि त्यासाठी त्यांच्या गावच्या, मुरुडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. कर्वे स्वतः विधुर होते. कोथरूडच्या मंडळींना तरी हे परदेशातून कुणी सांगायला नको.

हसू येतं त्याचं कारण वेगळं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. म्हाताऱ्या नवरदेवाला हसायला आपल्याला शिकवलं ते देवलांच्या ‘शारदा’ नाटकाने, १८९९ मध्ये. तिथला भुजंगनाथ पंचाहत्तरीचा आणि वधू कोवळी पोर. ते हसू हत्यारासारखं वापरलं गेलं आणि योग्य जागी लागलं. पण तेच हसू आपण अजून वापरतो, अडुसष्ट वर्षांच्या विधुरावर आणि त्रेसष्ट वर्षांच्या विधवेवर. दोघंही सज्ञान, दोघांची पेन्शन चालू, दोघांना गुडघेदुखी. इथे फसवणूक कुणाची होतेय? नव्या प्रेमकथा लिहिणाऱ्यांनी ही जुनी सवय मोडायला हवी होती. त्याऐवजी केसांना कलप लावण्याचे आणि ट्रॅकसूट घालण्याचे तेच प्रसंग येतात, आणि प्रेक्षक नायकाबरोबर हसण्याऐवजी त्याला हसतात.

या प्रकारच्या कथेची घडणही आता पाठ झाली आहे. भिंतीवर हार घातलेला फोटो. टेकडीवर किंवा बागेत सकाळची ओळख. मग गैरसमज, बहुतेक वेळा फोनवरचा एखादा निरोप भलत्याने वाचल्याने. मग मुलाचा संताप. शेवटी मुलगा डोळे पुसतो, परवानगी देतो, आणि लग्न. चूक होते ती इथेच. मुलाची परवानगी हा कळसाचा प्रसंग केला की आईबाप अल्पवयीन ठरतात आणि मुलगा पालक. दुसरी चूक गेलेल्या जोडीदाराची: त्याला दुष्ट दाखवलं तर दुसरं लग्न म्हणजे सुटका होते, देवमाणूस दाखवलं तर नवं माणूस कायम पाहुणं राहतं. पंचवीस-तीस वर्षांचा साधा, बरा संसार करून गेलेली बाई या कथांत जवळजवळ भेटतच नाही. तिसरी चूक सर्वांत मोठी. पैशाबद्दल कुणी अक्षर बोलत नाही.

इंग्लंडात अशी दोन माणसं रजिस्टर ऑफिसात जाऊन नोटीस देतात, आधीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला दाखवतात, २८ दिवस थांबतात, दोन साक्षीदार घेऊन येतात. मुलांचं मत कुणी विचारत नाही. शेजारी कार्ड पाठवतात. काउन्सिल टॅक्सवरची, म्हणजे इथल्या घरपट्टीवरची, एकट्याने राहणाऱ्याला मिळणारी पंचवीस टक्के सूट गेली म्हणून थोडी कुरकुर होते, तेवढंच. पुण्यातही कायद्याने यापेक्षा फार वेगळं नाही. विशेष विवाह कायद्याखाली दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस दिल्यापासून ३० दिवस हरकतींसाठी, आणि नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत लग्न, तीन साक्षीदारांसमोर. तीन महिने उलटले तर नोटीस पुन्हा पहिल्यापासून. हरकत घ्यायला कायद्यातलं कारण लागतं. ‘आम्हाला विचारलं नाही’ हे त्यात बसत नाही. नोटीस फलकावर लागते, ती कुणीतरी वाचतं आणि बातमी त्याच संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर येते, म्हणून बरेच जण घरीच वैदिक पद्धतीने लग्न करून मग नोंदणी करतात. तेही वैध. मृत्यूचा दाखला दोन्हीकडे लागतो. बायकांनी नाव बदलण्याच्या भरीस पडू नये, ते सक्तीचं नाही. पॅन, आधार, बँक, ठेवी, पेन्शन अशा पाच ठिकाणी नाव बदलताना एक ठिकाण राहून जातं आणि तिथेच पैसे अडकतात.

आता मुलांच्या पोटातली भीती. पुण्यात ती फ्लॅटच्या रूपात असते, आणि सोसायटी पुनर्विकासाला गेली की दुप्पट होते. तेव्हा हिशेबच करू. समजा कोथरूडचा फ्लॅट आई-वडिलांच्या नावावर निम्मा-निम्मा आहे, मुलं दोन, आईचे आईवडील हयात असोत वा नसोत. आई मृत्युपत्र न करता गेली. हिंदू वारसा कायद्याने तिचा अर्धा हिस्सा नवरा आणि दोन मुलं यांत सारखा वाटला जातो, म्हणजे प्रत्येकी एक षष्ठांश. वडिलांकडे दोन तृतीयांश उरतो. हे बहुतेक मुलांना माहीतच नसतं. ती आजही समजतात की सगळं वडिलांचं. वडिलांनी पुन्हा लग्न केलं आणि तेही मृत्युपत्र न करता गेले, वडिलांची आई हयात नसली, तर त्यांचा हिस्सा नवी पत्नी आणि दोन मुलं यांत सारखा. नव्या पत्नीला येतात नऊपैकी दोन भाग. उरलेले सात भाग दोन मुलांचे. बापाशी वर्षभर अबोला धरला जातो तो या नऊपैकी दोन भागांसाठी, आणि ते दोन भागही एका मृत्युपत्राने हवे तसे वळवता येतात. इंग्लंडात मृत्युपत्र नसेल तर पत्नीला पहिले ३,२२,००० पौंड आणि उरल्याचं अर्धं. शिवाय इथे लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र रद्द होतं, १८३७ च्या कायद्यापासून. हिंदूंच्या मृत्युपत्राला भारतात हा नियम लागू नाही. घाबरायला जास्त कारण इथल्या मुलांना आहे.

म्हणून क्रम असा असावा. आधी गेलेल्या जोडीदाराचं सगळं निस्तरा: सोसायटीतलं नाव, ठेवी, वारसांची नोंद. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा. हे सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत २०२३ मध्ये सांगितलं आहे. मग दोघांनी आपापली मृत्युपत्रं करावीत, दोन साक्षीदारांसह, शक्यतो नोंदवून. बहुतेक घरांना पटणारा तोडगा म्हणजे पत्नीला फ्लॅटमध्ये हयातभर राहण्याचा हक्क आणि नंतर मालकी मुलांची. पण हा मजकूर घरी बसून लिहू नये. पोटगीच्या हक्कापोटी दिलेला मर्यादित हक्क हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ मुळे पूर्ण मालकीत बदलू शकतो, १९७७ च्या तुलसम्मा निकालाने ते स्पष्ट झालं आहे. म्हणून शब्द वकिलाकडूनच बसवून घ्यावेत. आणि त्यात मेंटेनन्स कोण भरणार, पुनर्विकासाच्या काळातलं भाडं कुणाला मिळणार, बिल्डरकडून येणाऱ्या कॉर्पस निधीची रक्कम कुणाची, पत्नी पुढे वृद्धाश्रमात गेली तर हक्काचं काय, हे लिहिलेलं हवं. भांडणं नेमकी या चार ओळी नसल्याने होतात. वडिलांकडून लग्नाआधी फ्लॅट बक्षीसपत्राने लिहून घेणारी मुलंही असतात. ते करू नका. बक्षीस एकदा दिलं की सहजी परत घेता येत नाही, आणि स्वतःच्या घरात बाप पाहुणा होतो.

आरोग्यविमा ज्याचा त्याने चालू ठेवावा. पासष्टीनंतर नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं.

पेन्शनचा भाग मात्र खरोखर अन्यायाचा आहे आणि त्यावर पुण्यात वाद होताना दिसत नाही. केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेला विधुर लग्न करतो तेव्हा त्याची पेन्शन तशीच राहते, उलट नव्या पत्नीचं नाव कळवलं तर तिला पुढे कुटुंब निवृत्तिवेतनही मिळू शकतं. मुलंबाळं असलेल्या विधवेने लग्न केलं तर तिचं कुटुंब निवृत्तिवेतन थांबतं. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतही विधवेची पेन्शन मृत्यू किंवा पुनर्विवाह, जे आधी होईल तोपर्यंतच. माधव दामले यांनी पुण्यात ज्येष्ठांसाठी लिव्ह-इन मंडळ सुरू केलं तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. पण लग्न केल्याने एका बाईचं हक्काचं उत्पन्न बंद होत असेल, तर तिने लग्नाशिवाय राहणं यात संस्कृती बुडण्यासारखं काय आहे? फक्त अशा सोबत्याला वारसाहक्क मिळत नाही, तिथे मृत्युपत्र हवंच. ब्रिटननेही सैनिकांच्या विधवांची पेन्शन पुनर्विवाहामुळे वर्षानुवर्षं कापली, आणि २०१५ मध्ये तो नियम बदलला. म्हणजे बदलता येतो.

आणि आता पुन्हा ते वाक्य. मुलं परदेशी गेली म्हणून ही वेळ आली. हे खोटं आहे असं वर लिहिलं, ते आईबापांच्या बाजूने खोटंच आहे. मुलांच्या बाजूने पाहिलं तर त्यात एक खरं टोचणारं कुसळ आहे. बाहेर राहणारी आम्ही मुलं इथल्या सहकाऱ्याच्या सत्तरीतल्या आईच्या लग्नाला फुलं घेऊन जातो, आणि पुण्याहून तसाच फोन आला तर पहिला प्रश्न ‘इतकी घाई का?’ हाच निघतो. फ्लॅटच्या हिश्श्याची गोष्ट त्यात असतेच, पण तीच सगळी नसते. वीस वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाचं पुणं आता पुण्यात कुठेच नसतं. रस्ते बदलले, वाडे गेले, मित्र बाणेरला आणि वाकडला पांगले. उरतो तो एक फ्लॅट, ज्यात डब्यांची मांडणी अजून आईच्या हातची आहे, माळ्यावर दहावीची पुस्तकं आहेत आणि ‘घरी जातोय’ हे वाक्य जिथे खरं ठरतं. वडिलांनी एकटं राहावं असं कुणी म्हणत नाही. ते घर हलू नये असं वाटतं, आणि ते न हलवता राहायचं तर त्यात एका माणसाने एकटं राहावं लागतं.

हिवाळ्यात पुण्यात पहाटेचे पाच वाजतात तेव्हा इथे रात्रीचे साडेअकरा असतात. त्या वेळी छातीत दुखू लागलं तर रुग्णवाहिका बोलवायला, विम्याचं कार्ड शोधायला, दवाखान्यात सही करायला शेजारी माणूस हवं. ते माणूस आलं तर ती डब्यांची मांडणी बदलेल. डाळींच्या जागी पिठं जातील. माळा आवरला जाईल, पुस्तकांचं काय करायचं असं विचारणारा फोन येईल. त्यांना आई म्हणायची गरज नाही. काकू किंवा मावशी पुरतं, त्यांनाही तेच बरं वाटतं. आणि डिसेंबरची तिकिटं काढण्याआधी त्या दोघांना तारखा विचाराव्या लागतील, कारण कदाचित तेव्हा ते केरळला निघालेले असतील.