पिल्लं तीनवर आहेत

जूनचा दुसरा आठवडा. मिरग असा कोसळत होता की अंगणापलीकडचा माड दिसेना. अशा हवेत आमच्या सोप्यातला पंखा पूर्ण वेगात गरगरत होता आणि त्याखाली आई कांबळं पांघरून, कानांना मफलर गुंडाळून मालिका बघत होती. पंखा बंद करावा तर दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत. कमी करावा तर त्याचा रेग्युलेटर जागेवर नाही, कारण तो मी काढून आतल्या खोलीत नेला होता. आल्यागेल्याला आई एवढंच सांगे, "पिल्लं तीनवर आहेत. आम्ही पाचवर."

या सगळ्याची सुरुवात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात झाली. गावठी अंड्यांचा भाव ऐकून मी "यापेक्षा कोंबड्याच पाळू" असं बोलून गेलो. आमच्या घरात मी बोललेलं सहसा कोणी मनावर घेत नाही. नेमकं हेच मुलीने घेतलं. पंधरा दिवसांनी एका पिल्लंवाल्याने भोकाभोकांचा पुठ्ठ्याचा खोका माझ्या हातात ठेवला. आत एक दिवसाची वीस पिल्लं. जात 'वनराजा', हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या कोंबडीपालनासाठी तयार केलेली. नाव ऐकून वाटावं दारात वाघ बांधायचाय. एकेका वनराजाचं वजन जेमतेम 40 ग्रॅम.

"पहिला आठवडा 35 डिग्री ऊब द्या, मग दर आठवड्याला तीन-तीन डिग्री उतरवत न्या," असं सांगून पिल्लंवाला निघून गेला. अंड्यातला थोडा बलक पिल्लू पोटात घेऊनच बाहेर येतं, त्यावर त्याचे दोन-तीन दिवस निघतात. म्हणून तर त्यांना असं खोक्यात भरून गावोगाव पाठवता येतं. शिदोरी बरोबर असते. पांघरूण मात्र यजमानाने द्यायचं.

घर म्हणून मी मासळीबाजारातून थर्मोकोलची पेटी आणली. सुरमईचा बर्फ जी दिवसभर वितळू देत नाही ती ऊबही बाहेर जाऊ देणार नाही, हा माझा हिशेब होता, आणि तो चुकलाही नाही. पण तीन वेळा साबणाने धुऊनही पेटीचा वास गेला नाही. संध्याकाळपर्यंत खिडकीत वाड्यावरची चार मांजरं मालकी हक्काने येऊन बसली. आणि आतल्या वनराजांनी भिंत खायला सुरुवात केली. थर्मोकोलचा पांढरा दाणा दिसला की पिल्लू चोच मारतंच. एवढं महागाचं खाद्य बाजूला ठेवून ती घर खात होती. रात्री नऊ वाजता त्यांना वॉशिंग मशीनच्या खोक्यात हलवलं. तळाला वर्तमानपत्र घातलं, तर अग्रलेखावरून सगळ्यांचे पाय घसरायला लागले. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय कायमचे फाकू शकतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मग कागद काढून लाकडाचा भुसा पसरला.

खोका ठेवायचा कुठे? पडवीत पाण्याची झड, कोठीत उंदीर, मागीलदारी मुंगूस. उरली गणपतीची खोली. चवथ सोडली तर ती रिकामीच असते. आई आधी काही बोललीच नाही, आणि ते जास्त वाईट. मग म्हणाली, "चवथीआधी खोलीला रंग काढून द्यायचा. आणि माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळं टांगायच्या चौकटीच्या, हुकाला हात लावायचा नाही." मी दोन्हीला हो म्हटलं. त्यातलं रंगाचं मनापासून होतं.

आता बल्ब. मंडळी, आजच्या काळात गरम होणारा बल्ब मिळवून दाखवा! 2015 साली उजाला योजना आली आणि घरोघरी एलईडी लागले. चांगलंच झालं, विजेची बचत झाली. पण माझा सगळा प्रकल्प विजेच्या नासाडीवर उभा होता. जुना तारेचा बल्ब खाल्लेल्या विजेतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग उष्णतेत घालवायचा. मला तोच पाहिजे होता. डिचोलीतल्या तीन दुकानांत मी "शंभरचा, पिवळा, साधा" असं म्हणत हिंडलो. एका दुकानदाराने नऊ वॉटचा एलईडी लावून माझा हात धरून त्यावर ठेवला. "बघा काका, तासभर ठेवा, गरमच होत नाही!" मी म्हटलं, "तेच तर दुःख आहे." त्याने बल्ब काढून घेतला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

शेवटी वायरिंगची कामं करणारा चुलतभाऊ धावून आला. त्याच्या टेस्टिंगच्या बोर्डावर शंभरचा एक बल्ब होता. "दादा, पण हा सतत पेटून खोका तापेल की. कमीजास्त करायला काहीतरी पाहिजे." त्याने सोप्यातल्या भिंतीवर नजर फिरवली. तिथे वडिलांच्या काळचा डबड्यासारखा रेग्युलेटर होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

बल्ब टांगायला वर फक्त माटोळीचाच हुक होता. मी दोरी लावली आणि आई देवळात जायची वेळ पाठ करून ठेवली.

तापमान बघायला ताप मोजायचा पाऱ्याचा थर्मामीटर भुशात ठेवला. दहा मिनिटांनी काढला तर 104 फॅरनहाइट, म्हणजे 40 सेल्सिअस! घाबरून रेग्युलेटर दोनवर आणला. तरी 104. एकवर आणला. 104. बल्बच बंद केला, पंधरा मिनिटं थांबलो, पुन्हा 104. एव्हाना वीसही पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून असा गलका करत होती की बायको जेवण टाकून आली. "अहो, झटकलात का?" तिने विचारलं. झटकला नव्हता. तो थर्मामीटर चढतो, झटकल्याशिवाय उतरत नाही, ही गोष्ट आमच्या मुलीच्या प्रत्येक तापात मी स्वतः करत आलो आहे.

त्या दिवसापासून थर्मामीटर डब्यात गेला. पिल्लंच बघायची. बल्बखाली गठ्ठा करून ओरडत असली तर थंडी. कडेला पळून चोच उघडून धापा टाकत असली तर उकाडा. खोकाभर पसरून, मधेच एखादं उताणं पडल्यासारखं झोपलेलं असलं तर बरोबर. ती झोप पहिल्यांदा बघितल्यावर माझं काळीज थांबलं होतं; मुलीने बोटाने ढोसलं तेव्हा मेलेला वनराजा उठून दाणे टिपायला गेला. या पद्धतीने तीन हा आकडा ठरला, आणि मी पणजीहून ऑफिसच्या फोनवरून दर दोन तासांनी "तीनच ना?" असं विचारू लागलो. साहेबांना वाटलं घरात कोणी अतिदक्षता विभागात आहे. मी नाही म्हटलं नाही.

आठव्या रात्री तारेवर झाड पडलं आणि अख्ख्या वाड्याची वीज गेली. बाटल्यांत गरम पाणी भरून खोक्यात ठेवायचं ठरलं. प्लास्टिकच्या बाटल्या उकळत्या पाण्याने चिपाडासारख्या आक्रसल्या. काचेच्या होत्या त्या माळ्यावर, काजू फेणीच्या. दहा बाटल्या काढल्या, एक पाणी ओतताच तडकली, नऊ जुन्या मोज्यांत घालून लावल्या. पहाटे दोनला मी मेणबत्तीच्या उजेडात जमिनीवर बसून निवालेल्या बाटल्या बदलत होतो, तेवढ्यात खिडकीतून बॅटरीचा झोत आला. शेजारच्या मावशी. आमच्याकडे उजेड हलताना बघून चोर समजून आल्या होत्या.

"इतलो सोरो, पुता?"

मी मोजा काढून, दारू नाही, पाणी आहे असं दाखवलं. त्या आत आल्या, खोक्यात वाकून बघितलं. "पिलांक उजवाड नाका, ऊब जाय," म्हणजे उजेड नको, ऊब पाहिजे, असं म्हणाल्या आणि खोक्यावर गोणपाट टाकून, हवेला एक कोपरा उघडा ठेवून निघून गेल्या. पाच मिनिटांत गलका थांबला. शंभरचा बल्ब चोवीस तास, म्हणजे रोजचे फार तर 2.4 युनिट, मी आठ दिवस उघड्या खोक्यातून गणपतीच्या आढ्याला देत होतो.

सकाळी त्यांचे आभार मानायला कुंपणापाशी गेलो. मावशी बादलीत कोंबडी बुडवत होत्या. आठ-दहा दिवस रोज या वेळेला कोंबडीचा आरडाओरडा ऐकू येत होता, पण माझ्याच घरात वीस असताना दुसऱ्याच्या एका कोंबडीकडे कोण लक्ष देतो?

"हे काय करताय?"

कोंबडी खुडूक बसली होती. खाली अंडं नाही, पिल्लू नाही, नुसतीच घट्ट बसून तापलेली. उठवली की पुन्हा बसे. तिची ऊब उतरवायला मावशी रोज सकाळी तिला थंड पाण्यात बुडवून काढत होत्या. पिल्लं आणली त्या रात्री अंधारात हळूच तिच्या पोटाखाली सरकवली असती, तर निदान दहा-बारा तिने आपलीच म्हणून घेतली असती. आता नवव्या दिवशी टोचून हाकलेल.

"मग मावशी, तुम्ही बोलला का नाहीत?"

मावशींनी कोंबडी पुन्हा एकदा गळ्यापर्यंत बुडवली.

"तुवें विचारूंकच ना."