पाच सेकंद आणि कलिंगडाची फोड

परवा जेवणं झाल्यावर कलिंगड कापलं. भाच्याच्या हातून एक फोड सटकली ती थेट ओट्याखाली फरशीवर. मी वाकेपर्यंत त्यानं ती उचलली, फुंकर मारली आणि म्हणाला, "मावशी, अजून पाच सेकंद झाले नाहीत!" मी त्याचा हात धरला. तो जाम चिडला. खरं सांगू? बेसनाचा लाडू असता तर मी बोलले नसते. मी स्वतः तो उचलून खाल्ला असता, कोणी बघत नाही ना एवढं बघून.

खाली पडलेलं पाच सेकंदांच्या आत उचललं तर खायला चालतं, हा तो पाच सेकंदांचा नियम. तो अमेरिकेत रीतसर तपासला गेलाय. २००३ मध्ये जिलियन क्लार्क नावाच्या शाळकरी मुलीनं इलिनॉय विद्यापीठात फरशीच्या तुकड्यांवर ई. कोलाय (आतड्यात राहणारे) जंतू लावले आणि त्यावर बिस्किटं अन् गमी बेअर (अस्वलाच्या आकाराच्या चिवट गोळ्या) टाकले. पाच सेकंदांच्या आत जंतू चढलेले! तिला पुढच्या वर्षी इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. त्यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. विद्यापीठातल्या नुसत्या फरशा तपासल्या, तेव्हा जंतू फारसे सापडलेच नव्हते. म्हणजे घड्याळापेक्षा फरशीवर काय आहे याला महत्त्व.

मग २०१६ मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या डोनाल्ड शॅफनर यांच्या गटानं मोठा घाट घातला. कलिंगड, पाव, लोणी लावलेला पाव आणि गमी कँडी. खाली स्टील, टाइल, लाकूड आणि गालिचा. वेळ एका सेकंदाहून कमी ते पाच मिनिटं. एकूण २५६० मोजमापं. सगळ्यात जास्त जंतू कुणी उचलले? कलिंगडानं. सगळ्यात कमी गमी कँडीनं. जंतूंना पाय नसतात, ते ओलाव्याबरोबर जातात. जास्त वेळ पडून राहिलं की जास्त जंतू, हेही दिसलं. पण काही वेळा एका सेकंदाच्या आतच काम झालेलं होतं. गालिच्यावरून मात्र टाइल आणि स्टीलपेक्षा फारच कमी जंतू आले. (हे मी घरी सांगितलेलं नाही. नाहीतर उद्यापासून सतरंजीवर पडलेलं सगळं पवित्र.)

आमची आजी एवढंच म्हणायची, "कोरडं पडलं तर झटक, ओलं पडलं तर मांजराला घाल." निष्कर्ष जवळपास तोच. पण "आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" असं कमेंटमध्ये लिहू नका प्लीज. तिची जमीन शेणानं सारवलेली असायची आणि शेणात ई. कोलाय असतात. आणि ते मांजर तरी काय पाप करून आलं होतं?

आपण चपला दाराबाहेर काढतो म्हणून निर्धास्त असतो. पण बाथरूममधून ओल्या पायांनी स्वयंपाकघरात कोण येतं? आणि ते फडकं! सकाळी बादलीत एकदा पाणी घ्यायचं, त्यातच हॉल, बेडरूम, बाथरूमच्या दारातली जागा आणि शेवटी स्वयंपाकघर. पाणी तोवर चहाच्या रंगाचं. मग ते फडकं पिळून कोपऱ्यात बोळा करून टाकायचं, दुसऱ्या दिवशीपर्यंत आंबत. आमच्याकडे परवापर्यंत हेच चालू होतं. वर फिनेलचा वास आला की आपल्याला वाटतं, लख्ख!

फरशी कोरडी दिसली म्हणूनही भरवसा नाही. क्लेमसन विद्यापीठातल्या पॉल डॉसन यांच्या प्रयोगात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू कोरड्या पृष्ठभागावर चार आठवड्यांपर्यंत तग धरून होता. आता दर वेळी पोट बिघडतं का? नाही. बहुतेक वेळा काहीच होत नाही, म्हणून तर पाच सेकंदांचा नियम टिकलाय. पण शिगेलासारखे हगवणीचे जंतू शंभराच्या आत असले तरी माणसाला आजारी पाडायला पुरतात. घरात तान्हं मूल, गरोदर बाई किंवा केमो चालू असलेलं माणूस असेल तर मी लाडूसुद्धा उचलून देणार नाही.

भाच्याला हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग धुऊन खाऊ?" धुतल्यानं थोडे जातील, सगळे नाही, असं म्हणेपर्यंत त्यानं ताटातली दुसरी फोड उचलली होती. पहिली ओल्या कचऱ्याच्या डब्यात गेली. मी बादली, फडकं आणि साबण घेऊन बसले. फडकं तीनदा धुतलं. तिसऱ्यांदाही पाणी गढूळच.