सशाच्या पिल्लांना जवसाचे चमचे भरवण्याआधी

‘दूध तोडलेल्या सशाच्या पिल्लांना सकाळ-संध्याकाळ एकेक मोठा चमचा भिजवलेलं जवस द्या, वर चिमूटभर मेथी-कलौंजी. वजन दुप्पट वेगानं वाढतं, कॉक्सीचं औषध लागत नाही, गवतही कमी लागतं.’ कित्येक ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज काल मावसभावानं पाठवला आणि खाली विचारलं, “मग औषध बंद करू ना?”

नाही. अजिबात नाही.

कॉक्सी म्हणजे कॉक्सिडिओसिस हा रोग, त्याला कारण आयमेरिया हा एकपेशीय परजीवी. तो आतड्याच्या पेशींत वाढतो, त्याची एक जात यकृताच्या पित्तनलिकांत. लेंडीतून पडलेली त्याची अंडी ओलाव्यात काही दिवसांतच रोग पसरवण्याजोगी होतात आणि नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. म्हणून पिंजऱ्याला जाळीचा तळ हवा, लेंड्या रोज काढायला हव्यात, खाद्याची भांडी उंचावर हवीत आणि जाळीवर उकळतं पाणी किंवा वाफ मारायला हवी. पोट फुगलं, पाठीचा कणा हाताला टोचू लागला, लेंडी पातळ झाली, की लगेच लेंडी तपासून घ्यायची आणि पिल्लाच्या वजनाप्रमाणे पशुवैद्य देतील ते औषध सुरू करायचं. हगवण लागलेलं पिल्लू अंगातलं पाणी कमी होऊन एक-दोन दिवसांत दगावू शकतं. बिया देऊन बघत बसायला तेवढा वेळच नसतो.

आता त्या चमच्यांचा हिशेब. मोठ्या चमच्यात सुमारे 10 ग्रॅम जवस मावतं, म्हणजे दिवसाला 20 ग्रॅम. किलोभर वजनाचं पिल्लू दिवसाला खातं साधारण 80 ते 100 ग्रॅम. जवसात 40 टक्क्यांच्या आसपास तेल, म्हणजे नुसत्या जवसातूनच 8 ग्रॅम चरबी पोटात गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या 1977 च्या तक्त्यात वाढत्या सशाच्या खाद्यात चरबी 2 टक्के आहे, म्हणजे 100 ग्रॅमला 2 ग्रॅम. प्रथिनं 16 टक्के आणि तंतू 10 ते 12 टक्के. तक्ता जुना आहे, पण तंतूंच्या बाबतीत आजची खाद्यं त्याच्याही पुढे गेली आहेत, मागे नाही.

म्हणूनच ‘गवत कमी लागतं’ हे वाचून संताप येतो. पाचव्या ते दहाव्या आठवड्यात आतडं सर्वांत नाजूक असतं. तंतू घटले की ते मंदावतं, अंधनालातले (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतले) जीवाणू बिघडतात आणि हगवण लागते. त्यात सुट्या बिया दिल्या की पिल्लं त्याच वेचून खातात, गवत तसंच राहतं.

भिजवलेल्या जवसाचा बुळबुळीत थर भांड्याच्या कोपऱ्यात चिकटून राहतो आणि त्याला बुरशी धरते. बुरशीचं अफलाटॉक्सिन सशांना फार लवकर बाधतं.

एवढं मान्य की जवसानं मांसातलं ओमेगा-3 खरंच वाढतं, मात्र सोबत ई जीवनसत्त्व वाढवावं लागतं, नाहीतर मांसातली चरबी लवकर खवट होते. मेथी-कलौंजीसारख्या बियांनी काही प्रयोगांत वाढ थोडी सुधारली, तीही बिया दळून, मोजून खाद्यात मिसळल्यावर. दुप्पट वगैरे काही नाही.

मेथी-कलौंजी द्यायचीच असेल तर किलोभर खाद्याला दोन्ही मिळून 5 ग्रॅम, कोरडी, ताजी दळलेली, खाद्याची गोळी पाडण्याआधीच मिसळलेली. सुरुवात त्याच्या निम्म्यानं, पूर्ण प्रमाण आठवड्यानंतर. गवत दिवसभर समोर हवंच. दर आठवड्याला वजन करा. लेंडी बारीक किंवा चिकट झाली की त्याच दिवशी बिया बंद.